जॉर्डन: मृत समुद्र, गरम झरे आणि पेट्रा एकाच फेरीत, घरातल्या ज्येष्ठांना घेऊन जमेल का?

केळीबाग_चोपडा

मंडळी, राम राम. दिवाळी झाली की घरचे सहा जण जॉर्डनला जायचं घाटतंय. सासूबाई ६४ च्या, गुडघ्यांनी बेजार. सासरे ६८ चे, बीपीची गोळी रोजची. नणंदेला सोरायसिस आहे, आणि तिचं सासर जैन असल्यामुळे तिला कांदा-लसूण चालत नाही. उरलो आम्ही दोघं आणि तेरा वर्षांचा मुलगा. अंडं-मटण घरात कुणीच खात नाही.

एजंट सात रात्रींचं 'वेलनेस रिट्रीट' गळ्यात मारतोय. पाच रात्री मृत समुद्राकाठच्या रिसॉर्टात, रोज चिखलाचा लेप, मसाज, सकाळी योग, आणि मधल्या एका दिवसात पेट्रा (डोंगरात कोरलेलं जुनं शहर) जाऊन-येऊन. ब्रोशरमध्ये 'सोरायसिस बरा होतो, गुडघे मोकळे होतात' असंही छापलंय.

विचारायचं असं, की पाच रात्री तिथे करायचं काय? पेट्रा एका दिवसात उरकतं का? बीपीवाल्या माणसाने त्या पाण्यात उतरावं का? आणि व्हिसा-तिकिटांचं गणित कसं बसतं? एवढ्या लांब जायचं तर फक्त टॉवेल गुंडाळून बसायचं नाहीये, देशही बघायचाय.

---

तापीकाठ

ताई, हे पॅकेज उलटं बांधलंय. मृत समुद्राला दोन रात्री भरपूर झाल्या. त्या पाण्यात एका वेळी १५-२० मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नसतं, त्यामुळे दिवसाचे बाकीचे तास रिसॉर्टच्या आवारातच जातात. जवळपास गाव-बाजार म्हणावं असं काही नाही, चहासुद्धा हॉटेलच्या दराने. आणि पेट्रा तिथून रस्त्याने तीन तासांवर. जाऊन-येऊन सहा तास गाडीत बसलेल्या माणसाला समोर दोन किलोमीटर चालायला लावणं म्हणजे गुडघ्यांशी वैर.

सात रात्री अशा वाटा: विमानतळावर उतरून पहिली रात्र मादाबा. विमानतळाहून अर्ध्या तासाच्या आत पोचता, राजधानी अम्मानपेक्षा स्वस्त पडतं, आणि सेंट जॉर्ज चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातला मोझेकचा नकाशा आहे तो सकाळी बघून होतो. मग डेझर्ट हायवेने वादी मूसा (पेट्राचं गाव), तिथे दोन रात्री. किंग्ज हायवे देखणा आहे, पण वळणावळणाचा आणि पाच तासांच्या वर. ज्येष्ठ सोबत असताना नको. मग एक रात्र वादी रमच्या वाळवंटात, दोन रात्री मृत समुद्र, शेवटची रात्र परत मादाबा किंवा अम्मान. रम ते मृत समुद्र हा टप्पा सर्वांत लांब, अकाबा बंदराच्या बाजूने चार तास धरा.

सहा जणांना ड्रायव्हरसकट व्हॅन घ्या. तिथे गाडी उजव्या बाजूने चालते, शिवाय वाळवंटी रस्त्यावर रात्री उंट आडवे येतात. ठरवताना ड्रायव्हरच्या राहण्या-खाण्याचा खर्च दरात धरलाय का, हे लेखी घ्या. भांडणं नेमकी इथेच होतात.

आता पैसे. एक दिनार साधारण १.४१ डॉलर. व्हिसा विमानतळावर घेतला तर ४० दिनार, पेट्राचं दोन दिवसांचं तिकीट ५५, वादी रम ५. झाले १००. 'जॉर्डन पास' दोन दिवसांच्या पेट्रासकट ७५ दिनारला मिळतो, त्यात हे सगळं येतं, वर जेराश आणि अम्मानचा किल्लाही. अटी दोनच आहेत, पण त्यावरच लोक अडकतात: पास देशात उतरण्याआधी ऑनलाइन घेतलेला हवा, आणि मुक्काम किमान तीन रात्रींचा हवा. विकत घेतल्यापासून वर्षभर चालतो, पहिल्यांदा स्कॅन झाला की दोन आठवडे. बारा वर्षांखालच्या पोरांना स्थळांचं तिकीट लागत नाही. तुमचा मुलगा तेराचा, त्याला पूर्ण पास लागेल. मृत समुद्र, माईनचे गरम झरे, माउंट नेबो आणि मादाबाचं चर्च पासात येत नाहीत.

भारतीय पासपोर्टला व्हिसाचे नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याच्या आठवड्यात दूतावासाच्या साइटवर एकदा बघाच. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. तिकडची परिस्थिती बघता विमानाचं आणि हॉटेलचं बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

पेट्रात आत जाताना उतार आहे, म्हणजे परत येताना चढ. प्रवेशद्वारापासून सीकच्या (अरुंद घळीच्या) तोंडापर्यंत सुमारे ८०० मीटर, मग १.२ किलोमीटरची ती घळ, तेव्हा कुठे खजिन्याची इमारत दिसते. सासूबाईंना बॅटरीच्या गाडीत बसवा, पैसे वेगळे पडतात पण तिथपर्यंत पोचवून परतही आणतात. तिकिटात घोडा 'फुकट' असं लिहिलेलं असतं. तो फक्त सीकच्या तोंडापर्यंत जातो, आणि उतरल्यावर घोडेवाला बक्षिशी मागतोच. बसण्याआधी आकडा ठरवा. अद-देर, म्हणजे मठ, ८०० पायऱ्यांच्या वर. गाढवावर बसून चढणारे दिसतील, पण पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात आणि कड्याला कठडा नाही. ज्येष्ठांनी खजिना, रंगशाळा आणि राजांची थडगी बघून परत फिरावं. तुम्ही तिघं दुसऱ्या दिवशी मठ करा, सकाळी सहाला दार उघडतं तेव्हाच आत शिरा.

आणि हो, सीकच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी कोरलेले पाट आहेत, त्याकडे लक्ष ठेवा. पेट्रा वसवणाऱ्या नबाती लोकांनी डोंगरातलं पाणी त्यातून शहरात आणलं होतं. खजिन्यासमोर फोटोसाठी रांग लागते, आणि ते शहर ज्याच्या जिवावर उभं राहिलं त्या पाटाकडे कुणी ढुंकून बघत नाही.

---

फिजिओ_धुळे

पाण्याबद्दल नीट लिहितो, कारण एजंट हे सांगत नाहीत.

मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीच्या सुमारे ४३० मीटर खाली आहे. पाण्यात क्षार ३४ टक्क्यांच्या आसपास, साध्या समुद्रात साडेतीन. शिवाय हे मुख्यतः मिठाचं पाणी नाही, मॅग्नेशियम क्लोराइड त्यात जास्त. म्हणून ते हाताला तेलकट लागतं आणि चवीला कडूजहर.

लोकांना वाटतं, इथे माणूस बुडतच नाही. माणूस बुडतो, आणि तेही कमरेएवढ्या पाण्यात. पाणी पाय वर ढकलतं. पोटावर पडलात की पाय वर, तोंड खाली, आणि पाय खाली आणायला जी ताकद लागते ती वय झालेल्या माणसात नसते. त्यामुळे पोहायचं नाही, पालथं व्हायचं नाही. उतरताना काठाकडे पाठ करून नाही, तर पाण्याकडे पाठ करून मागे मागे जायचं, पाणी गुडघ्याच्या वर आलं की खुर्चीत बसल्यासारखं खाली बसायचं आणि मान मागे टाकायची. पाय आपोआप वर येतात. उठताना गुडघे छातीशी घ्यायचे, दोन्ही हातांनी पाणी खाली दाबायचं, धड सरळ झालं की तळवे टेकायचे. हे मऊ गादीवर दोनदा करून बघा, मग सासूबाईंना तिथे घाबरायला होणार नाही. ज्येष्ठांच्या हाताशी एक जण उभा हवाच. वारा सुटून लाटा असतील किंवा काठावर लाल बावटा असेल तर उतरूच नका.

पाणी नाका-तोंडात जाऊन घोटभरही गिळलं गेलं तर 'काही होत नाही' म्हणून सोडू नका. रक्तातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम एकदम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. माणूस बरा दिसत असला तरी तिथल्या जीवरक्षकाला सांगून दवाखाना गाठायचा.

डोळ्यात थेंब गेला तर हाताने चोळू नका, हातालाही तेच पाणी लागलेलं असतं. गोड्या पाण्याची बाटली झाकण सैल करून काठावर ठेवा. पायात रबरी चप्पल किंवा पाण्याचे बूट हवेत, तळाशी क्षारांचे खडे काचेसारखे टोकदार असतात. उतरण्याआधी दोन दिवस दाढी, वॅक्सिंग बंद. चांदीची जोडवी, पैंजण खोलीतच काढून ठेवा, काळी पडतात.

सासऱ्यांचं. बीपी आटोक्यात असेल तर दहा मिनिटं तरंगायला सहसा अडचण नसते, पण निघण्याआधी डॉक्टरांना गोळीचं नाव घेऊन विचारा. लघवी वाढवणारी गोळी असेल तर तिथल्या कोरड्या हवेत अंगातलं पाणी पटकन कमी होतं, बीपी उतरतं आणि उठताना भोवळ येते. खरी जपायची जागा मृत समुद्र नसून माईनचे झरे आहेत. तिथलं पाणी ६३ अंशांपर्यंत गरम असतं, धबधब्याखाली येईस्तोवर जरा निवतं एवढंच. आपल्या अडावदच्या उनपदेवच्या गरम झऱ्यात पाय सोडून बसणं वेगळं आणि हे वेगळं. गरम पाण्याने रक्तवाहिन्या पसरतात, गोळी तेच काम आधीपासून करत असते. पाच-सात मिनिटं, नुसते पाय, आणि बाहेर येताना आधी काठावर बसून मग उभं राहायचं. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्या माणसाने तर हाताच्या कोपराने पाणी बघितल्याशिवाय पाय घालू नये. पोळलेलं त्याला संध्याकाळी कळतं.

गुडघे: गरम चिखल आणि तरंगणं याने ताठरपणा नि दुखणं काही दिवस कमी होतं, सांध्याची झीज भरून येत नाही. 'मोकळे होतात' हे ब्रोशरपुरतं. बुकिंगच्या आधी एक गोष्ट मात्र विचारून घ्या. समुद्राची पातळी वर्षाला साधारण मीटरभर खाली जातेय, त्यामुळे हॉटेलं वर राहिलीत आणि पाणी लांब गेलंय. काही ठिकाणी खोलीपासून काठापर्यंत पायऱ्याच पायऱ्या आहेत. लिफ्ट किंवा बग्गी काठापर्यंत नेते का, हे ईमेलवर लिहून घ्या. फोनवर सगळे 'हो'च म्हणतात.

सोरायसिस: त्यासाठी तिथे खरंच उपचार होतात, पण ते साधारण चार आठवड्यांचे. रोज मोजून ऊन आणि मोजून डुबकी, त्वचेच्या डॉक्टरच्या देखरेखीखाली. एवढ्या खोलवर हवेचा थर जाड असल्याने भाजणारे किरण थोडे गाळले जातात, म्हणून जास्त वेळ उन्हात बसता येतं. ही सगळी उन्हाची कमाई आहे, नुसत्या पाण्याची नाही. दोन रात्रींत कातडी साफ होणार नाही, आणि भेगा पडलेल्या असतील तर पाणी अंगाला मिरची लावल्यासारखं झोंबेल. डॉक्सिसायक्लिनसारखी, ऊन सहन न होऊ देणारी औषधं सुरू असतील तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारावं.

---

अमळनेरकर

तापीकाठ भाऊंचा मार्ग बरोबर आहे, पण मृत समुद्र शेवटी ठेवण्यात एक गोम आहे. पेट्रात नवीन बूट घालून पायाला फोड आले की तेच पाय घेऊन क्षारात उतरावं लागतं. पहिल्याच दोन दिवसांत समुद्र उरकला तर पाय शाबूत असतात, आणि विमानतळापासून रिसॉर्टं तासाभराच्या अंतरावर आहेत, प्रवासाचा शीणही निघतो. दोन्ही बाजू आहेत. शेवटीच ठेवायचा असेल तर बूट निघण्याआधी महिनाभर घरी वापरून रुळवा.

हमामचं कुणी लिहिलं नाही. वादी मूसात आणि अम्मानमध्ये तुर्की पद्धतीचे हमाम आहेत. क्रम ठरलेला: आधी वाफेची खोली, मग गरम दगडावर आडवं व्हायचं, खरखरीत हातमोज्याने अंग घासतात, साबणाचा फेस, थोडं मर्दन, थंड पाणी आणि शेवटी चहा. घासल्यावर मळाच्या वळकट्या निघतात, लाजू नका, सगळ्यांच्याच निघतात. बायकांना बाई हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून वेळ घ्यावी लागते. ऐनवेळी गेलात तर पुरुषच हजर असतो, किंवा स्त्री-पुरुष एकाच वाफेच्या खोलीत.

पण हमामनंतर दोन दिवस मृत समुद्रात जाऊ नका. वरची कातडी निघालेली असते, मग झोंबतं. पेट्रा → हमाम → रम → समुद्र या क्रमात हमाम आणि समुद्रामध्ये जेमतेम दीड दिवस उरतो. हौस असेल तर शेवटच्या रात्री अम्मानमध्ये करा. नणंदबाईंनी तो हातमोजा टाळावा, सोरायसिसमध्ये कातडी घासली की तिथेच नवीन चट्टा उठतो.

---

भरीत_यावल

खाण्याची चिंता नको भो, शाकाहारी माणूस तिथे उपाशी मरत नाही. हम्मस (वाटलेले छोले), फलाफल (छोल्यांचे वडे), फूल (बाकल्याच्या दाण्यांची उसळ), लबने (चक्क्यासारखं दही), झातर (सुक्या पाल्याची तीळ घातलेली पूड) लावलेली रोटी, टोमॅटोची गलायत बंदोरा, मसूर-भाताचं मुजद्दरा. आणि मुतब्बल. वांगं आगीवर भाजून, सोलून, घोटून त्यात तिळाची पेस्ट आणि लिंबू. आपल्या भरताला कपाशीच्या काड्यांचा धूर आणि हिरव्या मिरचीचा ठसका, तो तिथे मिळणार नाही. पण सासूबाई पहिल्या घासाला मान डोलावतील.

फसवणूक होते ती भातात आणि सुपात. पिवळाधमक भात शाकाहारी दिसतो, पण तो बहुतेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. मसूरच्या सुपाचंही तसंच. 'मांस आहे का' असं विचारलं तर 'नाही' म्हणतील, कारण तुकडा नसतोच. विचारायचं ते 'मरक' म्हणजे रस्सा-पाणी कशाचं आहे. 'अना नबाती' म्हणजे मी शाकाहारी. 'बिदून लह्म, बिदून दजाज' म्हणजे मटण नको, कोंबडी नको. नणंदबाईंसाठी 'बिदून तूम, बिदून बसल', लसूण नको, कांदा नको. कागदावर अरबीत लिहून घेऊन ड्रायव्हरकडे द्या, तो आत जाऊन बोलेल. हम्मस आणि मुतब्बलमध्ये लसूण असतोच, फलाफलमध्ये कांदाही असतो. त्यांच्यासाठी लबने, झातर, चीज, ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो, खजूर हे बिनधोक. रिसॉर्टच्या सकाळच्या जेवणात हे सगळं मांडलेलं असतं.

घरून दशम्या, खाकरे, शेंगदाण्याची चटणी न्या. पण खसखस नेऊ नका. मुंबईहून जाताना बहुतेकदा आखातातल्या एखाद्या विमानतळावर विमान बदलावं लागतं, आणि अमिरात, सौदीत खसखस अमली पदार्थ म्हणून बंद आहे. घरच्या काळ्या मसाल्यात बऱ्याचदा ती कुटलेली असते, तेव्हा तो डबा घरीच. कोडीन किंवा ट्रामाडोल असलेल्या गोळ्यांचंही तसंच, गुडघेदुखीच्या औषधांत बघून घ्या. बाकी गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

---

केळीबाग_चोपडा

खूप आभार सगळ्यांचे. काळ्या मसाल्याचा डबा बॅगेत पडलाच असता. आता दोनच शंका: रमला तंबूत ज्येष्ठांना ठेवावं का, आणि चिखल विकत आणून घरी लावला तर चालतं का?

---

सातपुड्याचा_वारा

एका रात्रीपुरतं ठेवा ताई, पण छावणी निवडताना दोन गोष्टी. एक, 'वादी रम' नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच छावण्या प्रत्यक्षात दीसी गावाच्या बाजूला, संरक्षित भागाच्या बाहेर आहेत. वाईट नाहीत, पण डोंगर लांबून दिसतात. नकाशावर ठिकाण बघा. दोन, संडास तंबूला जोडून आहे का ते. नोव्हेंबरच्या रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो, आणि सासऱ्यांना रात्री दोनदा उठायचं असेल तर वाळूतून ८० पावलं चालणं नको. स्वेटर, कानटोपी, मोजे न्याच. आपल्याकडे 'वाळवंट' म्हटलं की मे महिन्यातलं जळगाव डोळ्यासमोर येतं, आणि लोक नुसते सुती कपडे भरतात.

जीपमध्ये मागच्या उघड्या बाकावर दणके बसतात, ज्येष्ठांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवा आणि चार तासांऐवजी दोन तासांची फेरी घ्या. खझालीच्या घळीत दगडावर कोरलेली माणसं, पावलं आणि जुनी लिपी आहे, तेवढं चुकवू नका. रात्रीचं 'झर्ब' म्हणजे वाळूत पुरलेल्या भट्टीतलं जेवण. मांस आणि भाज्या एकाच जाळीवर रचतात, वरचा रस खाली गळतो. तुमच्या भाज्या वेगळ्या भांड्यात, सर्वांत वरच्या थाळीवर ठेवायला आदल्या दिवशी सांगा.

कॉफी उजव्या हाताने घ्यायची. कप रिकामा दिसला की ते भरत राहतात, पुरे झाली की कप हलकेच हलवून परत द्यायचा. गावात एटीएम नाही, रोकड वादी मूसातूनच काढा.

पावसाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. नोव्हेंबर ते एप्रिल मधूनच सर येते, आणि कोरड्या घळीत काही मिनिटांत लोंढा येतो. २५ ऑक्टोबर २०१८ ला मृत समुद्राजवळ अशाच पुरात शाळेच्या सहलीतली मुलं गेली. पाऊस डोक्यावर नसला तरी वरच्या डोंगरात पडलेला पुरतो. पेट्रा बंद ठेवलं तर गाइडशी हुज्जत घालू नका, आणि 'मी नेतो आत' म्हणणाऱ्यामागे तर मुळीच जाऊ नका. म्हणूनच पेट्राला दोन दिवस हवेत, एक गेला तरी एक हातात राहतो. अंधार साडेपाचच्या सुमारास पडतो, त्या हिशेबाने निघा.

---

फिजिओ_धुळे

चिखल घरी लावता येतो, पण पाकिटावरचे घटक वाचून घ्या. काही पाकिटांत सुगंध आणि परिरक्षक मिसळलेले असतात, नणंदबाईंच्या कातडीला ते नकोत. आधी हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लावून २४ तास बघा. गुडघ्याला लावायचा असेल तर पाकीट गरम पाण्यात बुडवून कोमट करा, थेट गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही, मधेच चटका बसण्याइतका गरम राहतो. पाऊण सेंटिमीटरचा थर, वर प्लास्टिक, १५ मिनिटं, आणि पूर्ण वाळायच्या आत धुवायचा. वाळून कातडी ओढायला लागला की खाज सुटते.

काठावर लावतानाही वेळ तीच. आधी डुबकी, मग लेप, मग परत पाण्यात उतरून चिखल सोडवायचा आणि लगेच गोड्या पाण्याची आंघोळ. चेहऱ्यावर लावलात तर तो समुद्रात धुवू नका, शॉवरखाली डोळे मिटून धुवा.

येताना पाकिटं चेक-इन बॅगेत. सुरक्षा तपासणीत चिखल द्रवातच धरतात, हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वरचं पाकीट काढून टाकतात. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळा, फुटला तर कपड्यांवरचा डाग जात नाही.